सात युकुलेले झालेत, कमी करायचेत. कोणते ठेवावेत?

चौतारी | ३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

परवा खंडेनवमीला घरातली सगळी वाद्यं पूजेला काढली. आमच्याकडे ही पद्धत आजोबांपासून आहे. त्यांची एक पटाशी, एक करवत आणि पायपेटी त्या दिवशी पाटावर यायची, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलं जायचं. पेटी पुढे दादाकडे गेली. माझ्याकडे युकुलेले, म्हणजे गिटारसारखी छोटी चारतारी वाद्यं, आले. यंदा मांडायला घेतले तर चौरंगावर पाचच मावले, दोन खाली सतरंजीवर ठेवावे लागले.

कुंकवाचं ओलं बोट लावायला गेलो आणि थांबलो. खुंट्यांच्या वर, डोक्यावर जिथे मी दरवर्षी टिळा लावतो, तिथे गेल्या वर्षीचाच टिळा होता. वाळून तपकिरी झालेला, खालून हळदीची पिवळी कड दिसणारा. एकाच्या तारांमागे झेंडूची सुकलेली पाकळीसुद्धा तशीच अडकलेली होती. सातांपैकी पाचांची ही गत. फक्त दोघांवर काही नव्हतं, कारण ते रोज हातात असतात आणि हाताळून हाताळून टिळा कधीच पुसला गेला.

म्हणजे पाच वाद्यांना मी वर्षभर शिवलोही नव्हतो. फार वाईट वाटलं. त्यातला एक टेनर मापाचा, अखंड महोगनीचा, मी घेतलेला सगळ्यात महाग. त्याच्या घोडीच्या (तारा अंगावर जिथे टेकतात त्या पट्टीच्या) खाली बोटभर लांब केसासारखी चीर गेली आहे. कधी गेली कोण जाणे. उन्हाळ्यात कपाटात असतानाच गेली असणार.

काय काय आहे ते सांगतो. सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर, बॅरिटोन ही लहानापासून मोठ्यापर्यंतची मापं. पहिला कॉन्सर्ट, प्लायचा, नऊ वर्षांपूर्वी साडेपाच हजारांना घेतलेला; हाच रोज वाजतो. प्लास्टिकच्या अंगाचा दुसरा कॉन्सर्ट, टेकडीवर आणि पावसात न्यायला, हाही वाजतो. मग तो चिरलेला टेनर. दुसरा टेनर प्लायचा, लो जी लावलेला, म्हणजे चौथी तार खालच्या सप्तकातली. एक बॅरिटोन. एक निळा सोप्रानो, मुलगी लहान असताना घेतलेला. आणि दादाने अमेरिकेहून आणलेला कोआच्या लाकडाचा सोप्रानो.

मी नोकरी करणारा माणूस. रात्री जेवणं झाल्यावर पाऊण तास मिळतो, तेवढंच वाजवणं. मैफल नाही, चॅनेल नाही. भावगीतं, जुनी नाट्यपदं आणि थोडं हवाईचं संगीत. एवढ्यासाठी सात वाद्यं लागत नाहीत हे कळतंय. दोन ठेवायचे असं मनाशी ठरवलं आहे. कोणते दोन आणि बाकीच्यांचं काय करावं, यावर इथल्या जाणत्यांनी सांगावं. आणि कुणाला हा विचारच चुकीचा वाटत असेल तर तेही सांगा.

---

काळीचार | ३ ऑक्टोबर, रात्री १०:१५

कुंकवाचं वाचून उठून माझं कपाट उघडून आलो. माझ्याकडे तीन होते, दोन वर्षांपूर्वी एकावर आलो. सुरुवातीचे दोन महिने चुकल्यासारखं वाटलं. मग एक झालं: त्या एकाचा प्रत्येक पडदा (मानेवरची आडवी पट्टी) कुठे कसा बोलतो हे हाताला कळायला लागलं. माझ्या कॉन्सर्टची तिसरी तार सातव्या पडद्यावर किंचित चढी लागते, तिथे बोट हलकं ठेवायचं, हे आता विचार न करता होतं. तीन असताना हे कधी जमलं नसतं.

---

तरफ | ४ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

चौतारी, मी सतार वाजवते, चाळीस वर्षं झाली. त्यामुळे युकुलेलेतलं फार कळत नाही, पण या दुखण्यातलं कळतं.

माझी सतार मिरजेहून आणली तेव्हा वडिलांनी आधी घरातली भिंत मोजली होती. सतार घ्यायची म्हणजे ती कुठे उभी राहणार, मुलं धावताना भोपळ्याला धक्का लागणार नाही ना, प्रवासात कोण धरणार, इतका विचार करावा लागतो. तिचा आकारच माणसाला थांबवतो. तुमचं वाद्य छोटं. कपाटात साड्यांच्या मागेही राहतं. त्यामुळे घेताना घरातला कुणी विचारत नाही, आणि आपणही स्वतःला विचारत नाही. सात सतारी कुणाच्या घरात होणार नाहीत.

न वाजवलेलं वाद्य नुसतं पडून राहत नाही हो, ते बदलत राहतं. माझी सतार बाळंतपणानंतर वर्षभर खोळीत होती. काढली तेव्हा तरफेच्या तारांना गंज, जवारी बसलेली, दोन पडद्यांची बांधणी सैल. पुन्हा बोलती करायला कारागिराकडे तीन खेपा झाल्या. एका सतारीची ही कथा. तुम्ही पाच जणांना असं बसवून ठेवलं आहे.

तुमच्या वाद्याबद्दल एक कुतूहल आहे. भाचा सांगत होता की तुमची चौथी तार सगळ्यात खालची नसते, उलट चढी असते. खरं का? तंबोऱ्यातही तारांचा क्रम सरळ चढत जात नाही. आधी पंचम, मग जोड, मग शेवटी खर्ज.

---

निवांत | ४ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

तरफताई, अगदी खरं. पेटीच्या भाषेत सांगायचं तर आमच्या तारा वरून खाली पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. त्यातली पांढरी पाच, म्हणजे इंग्रजी जी, ही वरच्या अंगाची, म्हणून तिला हाय जी म्हणतात. सगळ्यात खालचा स्वर तिसऱ्या तारेवर, पांढरी एक. युकुलेलेचा खळखळता आवाज त्या क्रमातूनच येतो. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे तीन सुतार १८७९ साली ऊसमळ्यांच्या करारावर जहाजाने होनोलुलूला गेले, त्यांच्या मदेरातल्या छोट्या चारतारी वाद्यातून हे जन्मलं.

पण चौतारी, म्हणूनच मला तुझं 'दोन ठेवायचे' पटत नाही. हाय जी आणि लो जी ही दोन वेगळी वाद्यं आहेत. हाय जीवर पांढरी एकच्या खाली काही नाही. सा पांढरी एक धरलास तर मंद्र सप्तकातला एकही स्वर नाही. भावगीताची ओळ षड्जाखाली उतरते तेव्हा तू काय करणार? वरच्या सप्तकात उचलून वाजवलं की चालीचा जीव जातो. लो जी लावला की मंद्र पंचमापर्यंत जाता येतं. मग तो टेनर हवाच. पावसाळ्यासाठी प्लास्टिकचा हवाच. झाले तीन. बॅरिटोनचा आवाज निराळाच, चार. संख्या आधी ठरवून मग वाद्यं निवडणं उलटं आहे. काय वाजवायचं ते ठरव, संख्या येईल ती येईल.

---

चौतारी | ४ ऑक्टोबर, रात्री ९:५५

निवांत, 'काय वाजवायचं ते ठरव' हे पटलं. म्हणून आज जुनी बिलं आणि ऑर्डरी काढून तारखा लिहिल्या आणि समोर माझी रियाजाची वही ठेवली. मी रोज दोन ओळी लिहितो, आज काय केलं, कुठे अडलं.

पहिला टेनर घेतला त्याआधीचे तीन आठवडे वहीत एकच तक्रार आहे: बी फ्लॅटची कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वर) धरता येत नाही. पहिल्या पडद्यावर तर्जनी आडवी टाकायची, दोन तारा एकदम दाबायच्या, दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावर बाकीची दोन बोटं. मला वाटलं कॉन्सर्टची मान अरुंद आहे, टेनरवर बोटं बसतील. टेनर आला, आठवडाभर नवा आवाज ऐकण्यात गेला, मग वहीत पुन्हा बी फ्लॅट.

लो जीचा टेनर घेतला तेव्हा वहीत लिहिलं आहे की चाल ऐकून काढता येत नाही. बॅरिटोनच्या वेळी वहीची अडीच महिन्यांची पानं कोरी आहेत. वाजवतच नव्हतो. ऑफिसमध्ये वाईट दिवस होते, रात्री बसून बॅरिटोनचे व्हिडिओ बघत होतो, एका रात्री दीड वाजता पैसे भरले.

हे लिहिताना जड जातंय, पण खरं आहे. हात अडला की मी वाद्य घेत होतो. नवं वाद्य आल्यावर दहा-बारा दिवस पुन्हा सगळं सोपं वाटतं, कारण त्यावर आपण आधी येणारं तेवढंच वाजवतो. परदेशातल्या वादकांनी या सवयीला रोगाचं नाव दिलं आहे, यूएएस (युकुलेले ॲक्विझिशन सिंड्रोम, म्हणजे युकुलेले घेत सुटण्याचा आजार), आणि ते हसत सांगतात. मला हसू आलं नाही. त्या दीड वाजताच्या रात्री मी पाऊण तास जरी कॉन्सर्ट हातात घेतला असता तरी झोप लागली असती.

---

रविवारपेठ | ५ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

मी वाद्यं दुरुस्त करतो, धंदा म्हणून नाही, पण ओळखीतल्यांची करत करत वीस वर्षं झाली. दोन-तीन गोष्टी सांगतो.

तुमचा बी फ्लॅट. स्वस्तातल्या कॉन्सर्टमध्ये बहुतेक वेळा मानेच्या टोकाची ती पांढरी पट्टी, नट, उंच सोडलेली असते. कारखान्यात खाचा खोल करायला वेळ घालवत नाहीत. उंच ठेवली की तार खरखरत नाही, गिऱ्हाईक परत येत नाही. पण त्यामुळे पहिल्या पडद्यावर तार दाबायला बराच जास्त जोर लागतो, आणि इतकी खाली ओढली गेल्यामुळे ती बेसूर, चढीही लागते. घरी तपासायचं असेल तर तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर डोळा लावा. तार आणि पडदा यांच्यात जेमतेम कागद सरकेल एवढीच फट हवी. पोस्टकार्ड जात असेल तर नट उंच आहे. बारीक कानसीने खाच थोडी थोडी घासायची, दर दोन घासण्यांनंतर तार लावून बघायची. जास्त घासलं तर पट्टीच बदलावी लागते, म्हणून सवय नसेल तर कारागिराकडे द्या. दोन-तीनशे रुपयांचं काम. माझ्याकडे 'मला जमत नाही, मोठा घेऊ का' म्हणून आलेल्या निम्म्या लोकांचं काम यावरच भागतं.

चीर. अखंड लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. पुण्यात श्रावणात भिंती ओल धरतात आणि चैत्र-वैशाखातल्या दुपारी वाळत घातलेला पंचा तासाभरात कडक होतो. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मी गेल्या एप्रिलमध्ये माझ्या खोलीत दुपारी २२ टक्के बघितली आहे. वरची फळी आडवी आखडते, पण घोडीखाली ती घट्ट चिकटवलेली असते, तिथे तिला आखडता येत नाही. म्हणून चीर घोडीच्या आसपास जाते. प्लायमध्ये थर आडवे-उभे असतात, ते एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून तुमचा साडेपाच हजारांचा शाबूत आहे.

घाईने गोंद भरू नका. भोकं असलेल्या साबणाच्या डबीत ओला करून पिळलेला स्पंज ठेवा, ती डबी आणि युकुलेले खोक्यात बंद करा, दोन आठवडे थांबा. स्पंजाचं पाणी लाकडाला लागू देऊ नका. फळी फुगली की चीर बहुतेक वेळा आपोआप मिटते, मग गोंद आणि आतून रेषांना आडव्या अशा लाकडाच्या दोन छोट्या चकत्या. सांभाळायला अखंड लाकडाचं एक वाद्य असेल तर हे सगळं होतं. पाच असतील तर प्रत्येकाच्या खोक्यातला स्पंज कोण बघणार?

आणि बॅरिटोन देऊन टाकायची घाई नको. त्याच्या तारा डी, जी, बी, ई, गिटारच्या बारीक चार तारांसारख्या. पाचव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की जी, सी, ई, ए होतात, आणि तो जी खालचा, म्हणजे लो जी. २० इंच लांबीच्या तारेची पाचव्या पडद्यापासून पुढे १५ इंच उरते, म्हणजे बरोबर कॉन्सर्टएवढी. लो जीचा टेनर तुमच्या बॅरिटोनमध्येच बसलेला आहे.

---

निवांत | ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

कॅपोचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आत्ता लावून बघितला. चालतं. आवाज टेनरपेक्षा बुटका आहे, पण मंद्र पंचम हातात येतो.

आणि काल मीच लिहिलेलं थोडं सुधारतो. हाय जीवरही वाट आहे. सा पांढरी एक न धरता पांढरी चार धरायचा. मग तिसरी तार मोकळी सोडली की तो मंद्र पंचम झाला. पहिल्या तारेच्या आठव्या पडद्यावर तार षड्ज आणि बाराव्यावर तार गंधार. मंद्र प ते तार ग, बहुतेक भावगीतं एवढ्यात बसतात. बी फ्लॅट मात्र चुकणार नाही, कारण पांढरी चारच्या सप्तकात तोच मध्यम आहे.

संख्येबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे. पण माझ्याकडच्या सहांतला एकही 'या चालीसाठी हवा' म्हणून घेतलेला नाही, हे काल रात्री तुझं वाचून लक्षात आलं.

---

जुनाबाजार | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:००

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी वाद्यं जमवतो. वाजवतो त्यातली तीनच. बुलबुलतरंग, जुन्या पेट्या, एक मोडका दिलरुबा, दोन युकुलेले. यात मला कमीपणा वाटत नाही.

शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. तिथलं वाद्यांचं दालन बघा. एका माणसाने अडकित्ते, दिवे, दरवाजे, वाद्यं जमवत नेली, लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये सगळा राज्य सरकारला देऊन टाकला. 'वाजवत नसाल तर ठेवू नका' हा नियम दिनकर केळकरांना कुणी लावला असता तर ती वाद्यं चुलीत गेली असती. वस्तू सांभाळणं हेही प्रेम आहे. माझ्याकडच्या दिलरुब्यावर कुणीही गज फिरवत नाही, पण दर महिन्याला मी तो पुसतो, त्याला कसर लागली नाही ना बघतो.

---

चौतारी | ६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

जुनाबाजार, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. केळकर संग्रहालयात मी शाळेच्या सहलीला गेलो होतो, मुलीला घेऊन पुन्हा गेलो. तुमच्याशी भांडण नाहीच. तुम्ही दर महिन्याला पुसता. मी पुसत नाही, फक्त कपाट बंद करतो. तुम्ही जमवायचं ठरवलं आणि त्याची मेहनत करता. माझे मात्र साचत गेले. तुमच्या हातात असता तर त्या टेनरची चीर मार्चमध्येच दिसली असती.

रविवारपेठ, पोस्टकार्ड नव्हतं, लग्नाच्या पत्रिकेचा तुकडा घेतला. पहिल्या पडद्याखाली आरामात गेला. नऊ वर्षं मी उंच नटशी झगडत होतो आणि दोष माझ्या बोटांना देत होतो, मानेला देत होतो. शनिवारी तुमच्याकडे येऊ का? वेळ खासगी निरोपाने कळवा.

---

पाऊलवाट | ७ ऑक्टोबर, दुपारी १:१५

सगळ्या चर्चेत कोआच्या सोप्रानोबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. भावाने आणलेला आहे ना तो? माझ्याकडे माझ्या मैत्रिणीचा युकुलेले आहे. ती चार वर्षांपूर्वी गेली. मला वाजवता येत नाही. एकदा लावायचा प्रयत्न केला, तार तुटली, परत हात लावला नाही. तो द्यावा का ठेवावा हे मला आजही कळत नाही. थोडीशीच जागा घेतो, पण त्या खोलीत गेलं की तोच दिसतो.

---

तरफ | ७ ऑक्टोबर, रात्री ८:४५

पाऊलवाट, तो ठेव गं. मोजून कमी करायच्या वस्तूंमध्ये तो येत नाही. फक्त एक कर. तुटलेली तार कुणाकडून तरी लावून घे आणि चारही तारा थोड्या उतरवून ठेव. माझ्या गुरुजींची सतार मी अशीच ठेवली आहे. पूर्ण सुरात नाही, पण पूर्ण सैलही नाही. कधी वाटलंच तर खुंटी पिळली की बोलेल.

चौतारी, तुमच्या दादाला फोन करून विचारा. भेट दिलेल्या माणसाला आधी विचारायचं. तो काय म्हणतो त्यावरून पुढचं कळेल. आणि चौथ्या तारेचं उत्तर मिळालं, निवांत, आनंद झाला.

---

वर्गशिक्षिका | ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:५०

मी सिंहगड रस्त्याकडच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. गेल्या वर्षापासून शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर अकरा मुलांना युकुलेले शिकवते आहे. वाद्यं चार आहेत, मुलं आळीपाळीने वाजवतात, बाकीची टाळी धरतात आणि म्हणतात.

लोक मनापासून देतात, पण कसं देतात तेही सांगायला हवं. मागे एका घरातून तीन आले, एकाची खुंटी फिरत नव्हती, एकाच्या तारा काळ्या पडलेल्या. ते सुरात आणायला माझे दोन महिने गेले. नऊ वर्षांच्या मुलाला बेसूर वाद्य दिलं तर त्याला वाटतं आपल्यालाच येत नाही. तेव्हा द्यायचं असेल तर लागेल असं द्या. लाकडी महागाचा नको, आमच्याकडे तो पत्र्याच्या कपाटात राहणार, मेमध्ये शाळा बंद. लो जी नको, बॅरिटोन नको, सगळ्यांचे स्वर एकच हवेत. सोप्रानो आणि कॉन्सर्ट एकत्र चालतात, लावणं तेच. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात उपयोगी तुमचा तो प्लास्टिकचा आहे. पडला तरी चालतो, उन्हाने चिरत नाही. पण तो तुम्ही वाजवता, त्यामुळे मागायला संकोच वाटतो.

---

चौतारी | ११ जानेवारी, रात्री १०:०५

तीन महिने इथे लिहिलं नाही. काय झालं ते सांगतो.

रविवारपेठकाकांनी माझ्यासमोर कॉन्सर्टचा नट घासला. चार खाचा, चाळीस मिनिटं. ते दोनदा घासायचे, तार लावायचे, पहिल्या पडद्यावर दाबून ऐकायचे, पुन्हा काढायचे. शेवटी माझ्या हातात दिला. मी बी फ्लॅट धरला आणि चारही तारा वाजल्या. मला काही बोलता आलं नाही. काकांनी चहा ठेवला.

चिरलेला टेनर त्यांच्याकडे महिनाभर खोक्यात होता. चीर मिटली, चकत्या बसल्या, आतून आरसा लावून बघितलं तरच कळतं. तो त्यांनीच सुचवलेल्या एका मुलाला दिला, तो रोज तीन तास वाजवतो. चीर दाखवून, त्या हिशोबाने पैसे घेतले. लो जीचा टेनर एका कॉलेजच्या मुलीने नेला.

दादाला फोन केला. मला वाटलं दुखावेल. तो म्हणाला, "अरे, मी तो विमानतळावर घेतला होता, तुझ्यासाठी काय न्यावं सुचत नव्हतं." मग थोडा थांबून म्हणाला, "आजोबांची पेटी माझ्याकडे अशीच आहे, भाता फाटला आहे." त्याची मुलगी दिवाळीत आली होती, कोआचा सोप्रानो ती घेऊन गेली. पेटी माझ्याकडे आली आहे. निवांत, संख्येच्या हिशोबात ती धरायची का ते तू सांग. भाता बदलायला दिला आहे.

बाईंना निळा सोप्रानो आणि प्लास्टिकचा कॉन्सर्ट, दोन्ही दिले. दुसऱ्याचं ठरवायला आठ दिवस लागले. तो घेऊन मी किती रविवार वेताळ टेकडीवर बसलो आहे. मुलीला पहिली कॉर्ड मी त्याच्यावरच शिकवली. पण बाईंनी पत्र्याचं कपाट म्हटलं ते डोक्यातून जाईना. दोन्हींना नव्या तारा लावल्या, आठवडाभर रोज ताणून सुरात स्थिर केल्या आणि मग नेऊन दिले. आता टेकडीवर लाकडी कॉन्सर्टच नेतो. उन्हात ठेवत नाही, पाऊस दिसला की नेत नाही.

राहिले कॉन्सर्ट आणि बॅरिटोन. सा पांढरी चार धरून चार भावगीतं पूर्ण बसली. डिसेंबरात सवाई ऐकून आलो आणि त्याच रात्री बॅरिटोनला कॅपो लावून मंद्रातच अर्धा तास फिरत होतो. वही रोज भरते आहे. नवीन काय घ्यावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा वहीत कुठे अडलंय ते आधी बघितलं.

---

काळीचार | ११ जानेवारी, रात्री १०:३०

आजोबांची पेटी आली हे फार छान झालं. भाता बदलून आला की लिही.

---

वर्गशिक्षिका | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

चौतारी, निळा सोप्रानो वर्गात सगळ्यांना हवा असतो. त्याच्या डोक्यावर तुमचा टिळा अजून आहे, दोन वर्षांचा एकावर एक. पहिल्या शनिवारी एका मुलाने विचारलं, बाई हा डाग कसला, पुसू का? शेजारची म्हणाली, अरे डाग नाही, पूजेचं आहे. तेव्हापासून ज्याला तो मिळतो तो टिळ्याच्या खालून धरतो. मला मात्र एक अडचण आहे, लावताना त्यांचा हात वर जातच नाही, खुंट्या मलाच फिरवाव्या लागतात. काय करू?

---

चौतारी | १२ जानेवारी, रात्री ९:१५

त्यांना सांगा, हात लावला तर चालतं, घरी असताना प्लास्टिकच्यावरचा टिळा दरवर्षी असाच जात होता. आणि निळ्याची तिसरी खुंटी जरा सैल आहे, तिच्या टोकाला छोटा स्क्रू आहे, तो पाव फेरा आवळा. येत्या शनिवारी मीच येतो पेचकस घेऊन, चारही जुन्या वाद्यांचे नटही बघून घेऊ. पत्रिकेचा तुकडा बरोबर आणतो.